बिघ्यापासून सेक्टरपर्यंत : उलव्याच्या जमिनीचे रकाने

१/
उलव्यात आज सदनिका घेणाऱ्याच्या करारनाम्यात जमिनीची ओळख दोन आकड्यांत आटोपते : सेक्टर क्रमांक आणि भूखंड क्रमांक. साठ वर्षांपूर्वी याच जमिनीची ओळख सांगायला गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, एकर-गुंठे, आकार आणि भोगवटादाराचे नाव एवढे सारे लागत असे. त्याआधीच्या शंभर-दीडशे वर्षांत बिघे आणि भाताचे मण. चिखल तोच, त्याची नोंद करणाऱ्या वह्या मात्र वेगवेगळ्या.

२/
एका वहीतली माहिती दुसऱ्या वहीत नेताना प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवले की जुन्या कोणत्या रकान्यातले नव्या कोणत्या रकान्यात जाईल. संगणकाच्या जगात या कामाला स्कीमा मॅपिंग म्हणतात. स्कीमा म्हणजे डेटाबेसचा आराखडा : कोणते तक्ते, त्यांत कोणते रकाने, कोणत्या खुणेने एक तक्ता दुसऱ्याशी जोडलेला. एका प्रणालीतून दुसरीत जाताना आकडे हलवणे सोपे असते. अवघड असते ते जुन्या आराखड्याचा अर्थ नव्या आराखड्यात बसवणे.

३/
हे काम महाराष्ट्राच्या महसूल खात्याने संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून केले आहे, आणि त्यात कोणाचे नाव राहिले, कोणाचे गळले, यावर माणसांची घरे उभी राहिली किंवा बसली. उलवे हे या साऱ्या स्थलांतरांचा एकामागून एक थर दिसतो असे गाव. म्हणून हा धागा.

४/
आधी एक योगायोग. जून १९७० मध्ये आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरील निबंध प्रसिद्ध झाला. माहिती ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते समान मूल्यांनी जोडावेत, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली होती. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवण्याचे काम तिच्याकडे आले. उलवे त्या गावांपैकी एक.

५/
आता मागे जाऊ. शिवकाळातील अण्णाजी दत्तोंच्या मोजणीचे माप असे सांगितले जाते : पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. आखणी नेटकी आहे. पण उत्तर कोकणात बिघा सर्वत्र पोहोचला नव्हता. कित्येक ठिकाणी हुंडाबंदी चाले : मोजलेली नसलेली जमीन एकगठ्ठा धरायची आणि तिच्यावर धान्याचा एकगठ्ठा आकडा बसवायचा. क्षेत्र हा रकानाच नाही. जमीन किती, याचे उत्तर तिच्यावरचे भात किती, यातच दडलेले.

६/
पनवेल-उरणच्या खाडीकाठी आणखी गुंता. इथली बरीच भातशेती खारजमिनीवरची. बांध घालून समुद्र मागे हटवायचा, पावसाने मीठ धुऊ द्यायचे, मग काही वर्षांनी पीक. बांध फुटला की सगळे पुन्हा पाण्यात. म्हणून कुलाब्याच्या खारपट्ट्यात शिलोत्री पद्धत रूढ झाली. बाहेरचा बांध राखणारा शिलोत्रीदार, आत कसणारा वेगळा, आणि बांधाच्या राखणीबद्दल शिलोत्रीदाराला पिकातला ठरावीक वाटा.

७/
म्हणजे एका शेतावर दोन माणसांचे दोन निराळे हक्क, आणि दोन्ही खरे. एकाचा हक्क मातीवर, दुसऱ्याचा मातीला वाचवणाऱ्या बांधावर. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या प्रत्येक वहीत प्रश्न हाच येणार आहे : एका ओळीत किती माणसे मावतात?

८/
इंग्रजांनी पुणे भागात आधी प्रिंगलची मोजणी करून पाहिली, ती फसली. मग १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याची मोजणीपद्धत पक्की झाली, आणि पुढे ती कोकणात उतरली. या पद्धतीचा शोध एकच, पण पुढची सगळी इमारत त्यावर उभी आहे : प्रत्येक शेताला क्रमांक. कॉडच्या भाषेत, प्रत्येक ओळीला तिची स्वतःची किल्ली.

९/
मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. साखळीचा वर्ग म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. जमिनीची प्रतही आण्यांत : उत्तम माती सोळा आणे, मग खोली, रंग, चुनखडी, पाणी पाहून उतरती. रुपयाचे माप मातीला लावलेले. परके असूनही हे गावाला पटकन समजले, कारण वाटणी आण्यांत करायची सवय घरोघरी होतीच.

१०/
देशावर सर्व्हे नंबर ठरवताना एका बैलजोडीने कसता येईल एवढे शेत ही कल्पना होती. कोकणातल्या भातखाचरांना ती लागू पडेना. इथे उतारावर टप्प्याटप्प्याने इवलीइवली खाचरे. परिणाम असा की एका नंबरात अनेक खाचरे कोंबली गेली आणि एका नंबराखाली अनेक कुटुंबे आली. पुढे हिस्सा नंबरांची जी लांबच लांब शेपटी कोकणातल्या उताऱ्यांना लागते, तिचे एक मूळ इथे आहे.

११/
या वहीचा हेतू नीट समजून घ्यायला हवा. ती हक्काची वही नव्हती, वसुलीची होती. खातेदार म्हणजे सारा भरण्यास जबाबदार असलेला माणूस. तो मालक आहे का, चार भावांपैकी थोरला आहे का, कसतो तोच का, हे विचारण्याची सरकारला गरज नव्हती. रकाना एक होता आणि तो भरला गेला. शिलोत्रीदार आणि कसणारा यांपैकी सारा भरणारा दिसला, दुसरा समासात गेला.

१२/
साठेक वर्षांत ही उणीव अंगाशी आली. जमिनी सावकाराकडे जात होत्या, भाऊ वाटण्या करत होते, आणि सरकारी वहीत मात्र जुनीच नावे. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला, आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल संहितेत सामावला गेला. आता प्रथमच वही विचारू लागली : हक्क कोणाचा, कोणत्या कारणाने, कधीपासून?

१३/
गावपातळीवरच्या या साऱ्या वह्यांना अँडरसन यांच्या महसूल लेख्यांच्या नियमपुस्तकाने क्रमांकवार शिस्त लावली. गाव नमुना ६ म्हणजे फेरफारांची नोंदवही. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख. नमुना ८-अ म्हणजे एका खातेदाराच्या गावातील सगळ्या जमिनींचा गोषवारा. नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. सात आणि बारा एकाच कागदावर छापले, म्हणून सातबारा. गावात लेकरांनाही ठाऊक असलेला हा शब्द मुळात दोन तक्त्यांच्या क्रमांकांची जोडणी आहे.

१४/
तरुण वाचकांनी एक जुना हस्तलिखित सातबारा हातात घेऊन जरूर पाहावा. प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. त्या आकड्यावरून नमुना ६ मध्ये जायचे, तिथे विक्री, वारसा, वाटणी, बोजा, जे काही घडले ते कारणासह लिहिलेले सापडते. एका तक्त्यातील किल्ली दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवते. कॉडचा निबंध यायला अजून अर्धे शतक होते, आणि तलाठी दौत-टाकाने हेच करत होता.

१५/
आणखी सुंदर प्रथा कंसाची. जमीन विकली की विकणाऱ्याचे नाव खोडत नसत, त्याला कंस करत. नाव वाचता येते, पण ते आता चालू नाही. आजचे संगणकतज्ज्ञ याच कारणासाठी नोंद पुसून न टाकता तिच्यावर बाद झाल्याची खूण करतात. सातबाऱ्याचा कंस म्हणजे तीच खूण, फक्त शाईची.

१६/
तरीही एक माणूस या आराखड्यात नीट बसत नव्हता : कूळ. उलव्यापासून फार लांब नाही, त्याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली खारपट्ट्यातील कुळांनी जमीन कसण्याचेच थांबवले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांनी शेती न करता काढलेली इतकी वर्षे म्हणजे काय, याची कल्पना पोट भरलेल्या माणसाला येणे कठीण आहे.

१७/
१९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. १९३९ मध्ये कुळकायदा आला, संरक्षित कूळ ही संज्ञा आली. १९४८ चा कूळवहिवाट कायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, हे पुढचे टप्पे. कागदाच्या बाजूने पाहिले तर या सगळ्याचा अर्थ एवढाच : जो माणूस शेतात रोज दिसत होता, त्याच्यासाठी वहीत जागा करण्यात आली. रकाने आपोआप वाढत नाहीत.

१८/
स्वातंत्र्यानंतर दोन स्थलांतरे जवळजवळ बिनबोभाट झाली. पहिले लिपीचे. जुने महसुली दप्तर मोडीत होते, व्यवहार बालबोधेत आला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. 'ठाकुर' की 'ठाकूर', हा प्रश्न मोडीत पडतच नव्हता. बालबोधेत नक्कल करणाऱ्या कारकुनाने तो आपल्या मनाने सोडवला, आणि दुसऱ्या गावातल्या कारकुनाने आपल्या मनाने.

१९/
दुसरे मापांचे. १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान मापे स्वीकारली आणि पुढे सातबाऱ्यावर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ की बोलण्यात आजही आरला गुंठा म्हणतात. चाळीस गुंठ्यांच्या एकराला ४० आर धरले, तर एकरामागे जवळजवळ ४७ चौरस मीटर हवेत जातात.

२०/
शेतात एवढे क्षुल्लक वाटते. बांधाच्या कडेची दोन ढेकळे. पण पाच एकरांवर हे २३४ चौरस मीटर होतात, आणि जिथे संपादित जमिनीच्या टक्केवारीने भूखंड मिळायचा आहे, तिथे साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने २९ चौरस मीटर. आजच्या उलव्यात एवढ्या जागेची किंमत कोणाही वाचकाला कळेल. मापांतराचा नियम किती दशांशांपर्यंत पाळायचा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

२१/
राज्यातील अनेक गावांत तिसरेही स्थलांतर झाले. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोणत्या जुन्या नंबरांपासून कोणता गट झाला, हे दाखवणारे एकत्रीकरणाचे तक्ते तयार झाले. वकील आणि भूमी अभिलेखवाले आजही वादात हे तक्ते शोधतात. शुद्ध मॅपिंगचा दस्तऐवज म्हणावा तर हा. तो हरवला की गट नंबराला आई-बाप उरत नाहीत.

२२/
मग संगणक आला. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची प्रायोगिक योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला, २०१६ पासून तो डिजिटल इंडियाच्या नावाने चालला. महाराष्ट्रात सातबाऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी. प्रत्येक हस्तलिखित उतारा कोणीतरी वाचून, कळफलकावर टंकून, रकान्यांत घातला.

२३/
सुरुवातीच्या काळातले मराठी टंकलेखन म्हणजे स्वतंत्र प्रकरण. जुन्या फाँटांत अक्षर साठवले जात नसे, त्याचे तुकडे साठवले जात : काना वेगळा, अर्धा दंड वेगळा. पडद्यावर सारखे दिसणारे दोन 'म्हात्रे' आतून भिन्न असू शकत. फाँट बदलला की नावाचा कचरा. १९९१ च्या भारतीय मानकाने आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने हा प्रश्न तत्त्वतः सोडवला. पण जुन्या नोंदी युनिकोडमध्ये नेणे हेही पुन्हा एक स्थलांतरच.

२४/
खरी कसोटी मात्र लिपीची नव्हती, तीन अक्षरांची होती : 'ए. कु. मॅ.' एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे हे लिहिलेले असे. अर्थ असा की जमीन याची एकट्याची नाही, हा फक्त कुटुंबाच्या वतीने उभा आहे. मागे भाऊ आहेत, त्यांची मुले आहेत, विधवा भावजय आहे. कागदावर कोणाचेच नाव नाही, तरी प्रत्येकाचा हक्क त्या तीन अक्षरांत अडकलेला.

२५/
आता नव्या आराखड्यात खात्याचा प्रकार निवडायचा आहे : वैयक्तिक, सामाईक, संयुक्त. 'ए. कु. मॅ.' नावाचाच भाग समजून टंकला तर तो केवळ विचित्र आडनावासारखा राहतो. अनावश्यक समजून वगळला आणि खाते वैयक्तिक केले, तर एका क्षणात कुटुंबाची जमीन एका माणसाची होते. चूक कोणाचीच दिसत नाही. नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, आकार बरोबर. फक्त अर्थ गेला. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, याचीही गत तीच : अज्ञान मूल वयात येऊन आजोबा झाले तरी कागदावर पालनकर्ता उभाच.

२६/
संगणकाने उलट एक उपकारही केला. हस्तलिखितात नंबराचे एकूण क्षेत्र एक आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज दुसरीच, हे वर्षानुवर्षे खपून जाई, कारण बेरीज करतो कोण? यंत्र करते. तक्त्यांची जोडणी होताच न जुळणाऱ्या बेरजा, फेरफाराविना आलेली नावे, नावाविना राहिलेले हिस्से बाहेर पडू लागले. या चुका संगणकाच्या नव्हेत. त्या आधीपासून होत्या, आता कोणी तरी विचारू लागले इतकेच.

२७/
त्या दुरुस्त करायला जो उपाय योजला तो फार जुना आणि म्हणूनच योग्य होता : चावडी वाचन. २०१७ मध्ये गावोगावी संगणकीकृत सातबारे लोकांसमोर वाचून दाखवण्यात आले आणि हरकती मागवल्या गेल्या. अडीच कोटी नोंदी तपासण्याची याहून चांगली रीत सुचणे कठीण. कारण 'ए. कु. मॅ.' च्या मागे कोण आहे हे कोणत्याही यंत्राला ठाऊक नाही, पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला आहे. अर्थात शहरात गेलेली धाकटी भावंडे आणि सासरी गेलेल्या बहिणी वाचनाला हजर असतील तरच.

२८/
कायद्याची चौकटही पाहावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ म्हणते की अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. कलम १५५ लेखनप्रमादाची दुरुस्ती करू देते. म्हणजे टंकताना गळलेले नाव परत आणता येते. पण तोवर गळलेली नोंदच खरी, आणि सिद्ध करण्याचा भार गळलेल्यावर. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, २०२० मध्ये त्याचा नमुना बदलला, २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. नाव चपखल आहे.

२९/
हे सगळे डोक्यात ठेवून उलव्याला परत यावे. सिडकोसाठी जमीन संपादन झाले तेव्हा मोबदला कोणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला. म्हणजे विंगेटपासून चालत आलेल्या प्रत्येक नकलेतला प्रत्येक निर्णय इथे पैशांत उतरला. अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उलव्याजवळच्या जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले.

३०/
त्यातून मार्ग निघाला तो साडेबारा टक्क्यांचा. ६ मार्च १९९० च्या शासन निर्णयाने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला देण्याचे ठरले. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा, हाती ८.७५ टक्के. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर गेले असतील, तर भूखंड सुमारे ३५४ चौरस मीटरचा. भारतात इतरत्र संपादनग्रस्तांना जे मिळाले त्याच्या तुलनेत ही योजना निःसंशय पुढची. पण तिने एक असे मॅपिंग निर्माण केले, ज्याला पूर्वीचा दाखला नव्हता.

३१/
जुन्या तक्त्यात ओळ होती सर्व्हे नंबराची. नव्या तक्त्यात ओळ सेक्टर-भूखंडाची. या दोन ओळींत जागेचे नाते नाही! ज्या खाचराबद्दल भूखंड मिळाला, तो त्या खाचराच्या ठिकाणी असेलच असे नाही. एका भूखंडाखाली पाच जणांचे जुने हिस्से, एका माणसाच्या तीन हिश्श्यांबद्दल दुसरीकडे एक भूखंड. दोन्ही आराखड्यांना जोडणारा धागा एकच उरला : माणसाचे नाव. तेच नाव, जे मोडीतून बालबोधेत, शाईतून फाँटात जाताना सर्वांत कमी विश्वासार्ह ठरले होते.

३२/
मोजणीच्या बाजूने हा बदल भूमी अभिलेख खात्याच्या कमी-जास्त पत्रकातून होतो. बोलीत कजाप. कोणत्या नंबरातून किती क्षेत्र कमी, कोणत्या नावे किती जास्त, हे दाखवणारा साधा तक्ता. तो आकारबंदाला लागतो, त्यावरून सातबारा बदलतो. कजाप झाला नाही तर जमिनीवर रस्ता धावतो आणि कागदावर भात उभे असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कजापासारखे साधन क्वचित मिळते : जुने जग डाव्या बाजूला, नवे उजव्या.

३३/
हक्काचा आशयही बदलला, हे सहसा सांगितले जात नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार होता. सिडकोच्या भूखंडावर पट्टेदार आहे, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा. मूळ धारक आता सिडको. जुन्या 'भोगवटादार' रकान्याची नव्या 'पट्टेदार' रकान्याशी रेघ जोडता येते, पण ती जोडली म्हणून दोन्ही शब्दांचा अर्थ एक होत नाही.

३४/
आणि वारस. जमीन गेली तेव्हा उताऱ्यावर एक नाव. भूखंडाची पात्रता ठरली तेव्हा तो माणूस हयात असेलच असे नाही. मग वारस दाखले, संमती, नव्याने वाटणी. ३५४ चौरस मीटरच्या भूखंडावर चार भाऊ आणि तीन बहिणी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५० चौरस मीटर येतात, आणि एवढ्यावर स्वतंत्र बांधणी होत नाही. उलव्यातल्या अनेक मजली इमारतींच्या खाली या हिशेबाची माती आहे. भूखंड विकासकाकडे जातो, सदनिका वाट्याला येतात, आणि सर्व्हे नंबर पहिल्यांदाच उभ्या दिशेने वाटला जातो.

३५/
विमानतळाने आणखी एक पान उलटले. सुमारे ११६० हेक्टरांच्या या प्रकल्पासाठी २०१४ च्या निर्णयाने रोख मोबदल्याऐवजी २२.५ टक्के विकसित जमिनीची योजना आली. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे, या दहा वस्त्या हलवाव्या लागल्या. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

३६/
वस्त्या हलवताना दीडशे वर्षे बाजूला ठेवलेला एक प्रश्न समोर आला. गावठाणाला सातबारा नसतो. विंगेटच्या वहीला साऱ्याशी काम, आणि घरांवर शेतसारा नव्हता. म्हणून गावठाण ही वहीतली कोरी जागा. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कर आकारणीसाठी सापडते, पण तिथे त्याखालच्या जमिनीचा हक्क नाही. पिढ्यानपिढ्यांचे घर, आणि मुख्य तक्त्यात त्याची ओळच नाही.

३७/
तेव्हा इथे नकाशावरून नव्हे, उभ्या घरावरून मोजणी करावी लागली. पुनर्वसनात घराच्या क्षेत्राच्या तिप्पट भूखंड हे सूत्र ठरले. मुख्य घर कोणते, पडवी धरायची का, मुलाने मागे बांधलेली खोली कोणाच्या नावे, हे प्रश्न मग ओटीवर उभे राहून सोडवले गेले. इतर गावांची गावठाणे मोजण्यासाठी केंद्राची स्वामित्व योजना २०२० मध्ये निघाली, ड्रोन उडू लागले. तिची पूर्वतयारी पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरीत झाली होती.

३८/
उलव्याची टेकडी सुरुंगांनी कापून सपाट केली गेली. उलवे नदीचे पात्र वळवले गेले. जुन्या मोजणीत नदी-नाल्यांना सर्व्हे नंबर देत नसत. गाव नकाशावर ते दोन बारीक वळणदार रेघांमध्ये, बिननंबरी. जिथे नंबर नव्हता ते जुने पात्र आता विमानतळाच्या भरावाखाली आहे, आणि नदी वाहते ती संपादित जमिनीतून नव्याने कोरलेल्या पात्रातून.